खरकट्यापासून गॅस : हॉटेलवाल्यांनी हिशेब करून पाहावा

अचलपूर-परतवाड्यातील आमचे अनेक बांधव खानावळी, बेकऱ्या, केटरिंग आणि फळांच्या धंद्यात आहेत. रोज उरणारा भात, रोटी, भाजीचे देठ, नासकी फळे गटाराकाठी जातात आणि शेगडीसाठी 19 किलोचे सिलिंडर विकत आणावे लागते. हेच खरकटे बंद टाकीत कुजविले तर त्यातून जळणारा वायू मिळतो.

हवा नसलेल्या जागी सूक्ष्म जीव अन्न कुजवितात. आधी त्याचे आम्ल होते, मग दुसऱ्या जातीचे जीव त्या आम्लाचा मिथेन वायू करतात. गोबरगॅसचे तत्त्व हेच. पुण्याच्या आरती संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी मुद्दा मांडला की, शेणातील सत्त्व जनावराने आधीच खाल्लेले असते. पिठूळ व गोड पदार्थांत ते शाबूत असते. एका टाकीत दुसरी उलटी ठेवून त्यांनी घरगुती संयंत्र बनविले. त्याला 2006 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

आता हिशेब. एक किलो ओल्या खरकट्यापासून साधारण 100 लिटर गॅस धरावा. शेणापासून त्याच्या निम्माही नाही. रोज 50 किलो खरकटे असेल तर पाच घनमीटर गॅस, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो सिलिंडरचा गॅस. आठ-नऊ दिवसांत एक सिलिंडर वाचते. तितकेच पाणी घालून माल 40 दिवस राहावा लागतो, म्हणून टाकी चार हजार लिटरची हवी. चहाच्या टपरीला हे परवडणार नाही, असे आमचे मत आहे. शेजारच्या दोन-तीन हॉटेलांनी मिळून मात्र जरूर विचार करावा.

आपल्या भागात खरा धोका संत्र्याचा. सालीतील तेल मिथेन करणाऱ्या जीवांना मारते. बहाराच्या दिवसांत फुटकी संत्री टोपलीभर ओतली की गॅस बसलाच समजा. साली खताच्या ढिगावर टाकाव्यात. उलट, खाटिकखान्यातील जनावरांच्या पोटातला अर्धा पचलेला चारा विरजणासारखा उपयोगी पडतो. चरबी व रक्त थोडेच घालावे, हाडे व पिसे मुळीच नाहीत.

सुरुवात शेणकाल्याने करावी. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा. पेटू लागल्यावर खरकटे दोन-तीन किलोंनी वाढवीत न्यावे. घाई केली तर टाकी आंबते. मग आठवडाभर माल बंद ठेवावा आणि थोडी चुन्याची निवळी घालावी. थंडीत गॅस कमी होतो, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात भरपूर.

सिलिंडरचा बर्नर जसाच्या तसा चालत नाही, भोके मोठी करावी लागतात. या वायूतील गंधकामुळे लोखंड खाल्ले जाते, म्हणून नळीत लेथवरचा गंजलेला कीस भरलेला डबा बसवावा. आपल्या वर्कशॉपवाल्यांना हे काम सहज जमेल. टाकीत माणूस मात्र कधीही उतरवू नये, त्या वायूने क्षणात जीव जातो.