प्रदूषण करणारा कारखाना कुठे उभारायचा, हे ठरतं कसं?

विरारहून डहाणू लोकल पकडली की वाटेत बोईसर लागतं. जवळच तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. तारापूर देशात पहिलं आलं होतं.

आणखी दोन स्टेशनं पुढे डहाणू रोड. डहाणू तालुका केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या 'रेड' गटातल्या उद्योगांना तिथे बंदी घातली. आधीच मंजूर झालेला ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प मात्र राहिला.

मग जागा निवडायची पद्धत काय?

जगभर यासाठी 'बहुनिकष निर्णय पद्धत' वापरतात. नाव जड आहे, काम सोपं.

१. आधी चाळणी. नदीपात्र, जंगल, दाट वस्ती अशा जागा नकाशावरून थेट बाद. डहाणूत झालं ते हेच.

२. उरलेल्या जागांना प्रत्येक निकषावर गुण. वस्तीपासूनचं अंतर, पाण्याचे स्रोत, वाऱ्याची दिशा, रस्ता, जमिनीची किंमत.

३. कोणता निकष किती महत्त्वाचा, त्याचं वजन ठरवायचं. यासाठी अमेरिकन गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली 'एएचपी' पद्धत प्रसिद्ध आहे. त्यात दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून तुलना करतात.

४. गुण गुणिले वजन, आणि सगळ्याची बेरीज.

खरी गोम कुठे आहे?

वजनात. एक काल्पनिक उदाहरण बघा. जागा 'अ' स्वस्त आणि रस्त्यालगत: खर्चात १० पैकी ९ गुण, पण वस्ती आणि पाण्याच्या सुरक्षेत ३. जागा 'ब' चे गुण ४ आणि ८. खर्चाला ७०% वजन दिलं तर 'अ' ७.२ विरुद्ध ५.२ ने जिंकते. सुरक्षेला ७०% दिलं तर 'ब' ६.८ विरुद्ध ४.८ ने पुढे.

जागा त्याच, गुण तेच. निकाल उलटा. शिवाय बेरजेत स्वस्त जमिनीचे गुण विहिरीच्या दूषित पाण्याची भरपाई करून टाकतात. प्रत्यक्षात तशी भरपाई होत नाही. म्हणूनच चाळणी कडक हवी.

तुमचा संबंध काय?

२००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तुमच्या भागात अशी सुनावणी झाली तर तीन प्रश्न विचारा: आणखी कोणत्या जागा पाहिल्या? कोणत्या निकषाला किती वजन दिलं? आणि ते कुणी ठरवलं?

बेरीज कॉम्प्युटर करतो. वजन माणसंच ठरवतात.