शून्यापासून दहा नंबरपर्यंत

लंडनला ऑफिसचं चार दिवसांचं काम निघालं, तेव्हा आईने एवढंच सांगितलं, "काम होत राहील. पहिले बाबासाहेबांच्या घरी जाऊन ये." मी मान डोलावली आणि लंडनला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी दुसरीकडेच गेलो. नागपूरच्या माणसाची ती खोड आहे. झिरो माइलच्या सावलीत वाढलेला माणूस दुसऱ्या शहरात गेला की तिथलं शून्य कुठे आहे ते आधी विचारतो.

लंडनचं शून्य चॅरिंग क्रॉसला आहे. ट्रॅफलगार चौकाच्या दक्षिण टोकाला पहिल्या चार्ल्स राजाचा अश्वारूढ पुतळा आणि त्याच्या मागे फरशीत बसवलेली एक पाटी. तेराव्या शतकाच्या शेवटी राणी एलिनॉरच्या स्मरणार्थ इथे क्रूस उभारला होता, आणि लंडनपासूनची अंतरं त्या जागेपासून मोजली जातात, असं पाटीवर लिहिलंय. एक जोडपं त्या पाटीवर उभं राहून फोटो काढत होतं. त्यांचा कार्यक्रम आटपेपर्यंत मी थांबलो, मग वाकून वाचलं. ना कुंपण, ना दुसरा फलक. आपल्याकडे झिरो माइलला चार घोडे आहेत, त्यांच्याकडे एकच. पण तिथल्या टॅक्सीवाल्याला परवाना हवा असेल तर या घोड्याभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. सीताबर्डीच्या ऑटोवाल्यांना हे सांगायला हवं.

चॅरिंग क्रॉसहूनच नॉर्दर्न लाइनची गाडी थेट चॉक फार्मला जाते. शेवटच्या दिवशी दुपारी काम संपलं आणि मी ती धरली. स्टेशनातून बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की पाचेक मिनिटांत किंग हेन्रीज रोड येतो. शांत, पैसेवाल्यांची वस्ती. एकाला एक लागून उभी उंच, अरुंद घरं. दहा नंबरच्या भिंतीवर निळी गोल पाटी नसती, तर मी पुढेच गेलो असतो. भारतातले सामाजिक न्यायाचे लढवय्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर इथे १९२१-२२ मध्ये राहिले, एवढाच तिचा आशय.

तेव्हा हे पैसेवाल्यांचं घर नव्हतं, निदान बाबासाहेबांसाठी तरी नव्हतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा आले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या पुंजीवर. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचं, आणि रात्री भूक लागली की कपभर बोव्हरिल नावाचं गरम पेय आणि मित्राने दिलेले पापड. हे पापड चरित्रांत वाचलेले होते, पण त्या दारासमोर उभं राहिल्यावर त्यांची नव्याने आठवण झाली. नोव्हेंबरातले साडेचार वाजले होते, अंधार पडला होता आणि थंडीने बोटं बधिर झाली होती. अशा गावात पापडावर रात्र काढून माणसाने १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्येच पुस्तकरूपाने छापला गेला.

महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांच्या वर मोजून हे घर घेतलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन पालिकेने नकार दिला, चौकशी बसली. शेवटी मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारनेच परवानगी दिली. आत भिंतींवर छायाचित्रं आहेत, पुस्तकं आहेत, खोल्या जुन्या काळासारख्या मांडल्या आहेत. नीटनेटकं आहे. पण ही मांडणी आहे, हे कळत राहतं. पलंग बघून 'हा त्यांचा का?' असं विचारावंसं वाटतं आणि उत्तर आधीच ठाऊक असतं.

त्यांच्या खऱ्या वस्तू कुठे आहेत? नागपूरजवळ काटोल रोडवर, चिचोलीच्या शांतिवनात. बाबासाहेबांचे स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू वामनराव गोडबोले यांनी तिथे आणल्या. त्यात बाबासाहेबांचे कपडे आहेत, आणि ज्याच्यावर संविधानाचा मसुदा टंकला गेला असं सांगतात तो टायपरायटरही आहे. म्हणजे घर लंडनला आणि त्यांचं सामान आपल्या नागपूरला, असा प्रकार.

परतल्यावर आईला फोटो दाखवले. तिने निळी पाटी मोठी करून दोनदा बघितली आणि विचारलं, "चिचोलीला कधी गेला होतास?" चिचोली आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. दीक्षाभूमीवर दर वर्षी जातो, पण तिथे मी कधीच गेलो नव्हतो. पुढच्या रविवारी दोघं गेलो.