पुण्यात वेगच मिळत नाही, मग हेल्मेट कशाला?

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात तिघांनी ऑफिसला कार नेणं बंद केलं आणि स्कूटर घेतली. कोथरूडहून शिवाजीनगरला एकट्या माणसासाठी हजार किलोचं वाहन न्यायचं, तिथे पार्किंगसाठी चकरा मारायच्या आणि संध्याकाळी नळस्टॉपला क्लच दाबून बसायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. शहरातल्या वर्दळीत लिटरला बारा-तेरा किलोमीटर देणाऱ्या कारऐवजी पंचेचाळीसच्या आसपास देणारी स्कूटर आली. निर्णय उत्तम आहे. रस्त्यावरची जागा वाचते, इंधन वाचतं, वेळ वाचतो.

पण तिघांच्याही तोंडून मी एकच वाक्य ऐकलं: “हेल्मेट हायवेला ठीक आहे हो. पुण्यात वेग मिळतो तरी किती? तीस-पस्तीस!” हेल्मेट घेतलेलं आहे, पण ते डिकीत असतं. चौकात पोलीस दिसला की बाहेर येतं.

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. 2019 च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधात आंदोलनं झाली, आणि त्यातही मुख्य युक्तिवाद हाच होता. शिकलेली, हिशोबी माणसं हे बोलतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण हा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे.

डोकं आपटतं ते कोणत्या वेगाने?

समजा स्कूटर सिग्नलला उभी आहे. वेग शून्य. मागून एखाद्या रिक्षाचा धक्का लागला आणि तुम्ही आडवे झालात. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. दीड मीटरवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी 19 ते 20 किलोमीटर झालेला असतो. माणूस पडताना हातपाय टेकतो, खांदा आधी लागतो, त्यामुळे दर वेळी इतका वेग राहील असं नाही. पण डोकं सरळ आपटलं, तर हा वेग स्कूटरच्या वेगातून आलेला नसतो. तो उंचीतून येतो. तुम्ही दहाने चालवा नाहीतर साठने, डोक्याची डांबराकडे येण्याची उंची तेवढीच असते.

आता स्कूटरचा वेग धरू. ताशी 30 किलोमीटर वेगात डोकं दुभाजकाला किंवा थांबलेल्या टेम्पोच्या फाळक्याला धडकलं, तर तो आघात साडेतीन मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो, म्हणजे पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून. ताशी 40 ला ही उंची सव्वासहा मीटर होते, म्हणजे दुसरा मजला. दुसऱ्या मजल्यावरून डोक्यावर पडायला कोणी तयार होईल का? मग “चाळीसच तर आहे” असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

कारमधून स्कूटरवर येणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. कारमध्ये तीस-चाळीसचा वेग खरोखरच किरकोळ वाटतो, कारण समोरचा पत्रा चेपून आघात खातो, सीटबेल्ट शरीराला धरून ठेवतो आणि एअरबॅग डोक्याला अडवते. वर्षानुवर्षं या सगळ्याच्या आत बसल्यामुळे “कमी वेग म्हणजे सुरक्षित” हे मनात ठसतं. स्कूटरवर बसताना पत्रा, पट्टा, एअरबॅग सगळं मागे राहतं. डोक्यासाठी सोबत नेता येतं ते फक्त हेल्मेट.

आणि ते काम कसं करतं? बाहेरचं कठीण कवच आघात पसरवतं. खरं काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचं. तो दबतो आणि डोकं थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात. कवटी एकदम थांबली, तर आतला मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आदळतो. ती थोडी सावकाश थांबली, तर मेंदूवरचा ताण खूप कमी होतो. तो थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचंच.

आकड्यांवर विश्वास असेल तर आकडे घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 74,897 दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू 50,029, म्हणजे दिवसाला सुमारे 137. यात 14,337 जण मागे बसलेले होते, त्यामुळे “मागच्याला कशाला?” या प्रश्नाचं उत्तरही याच अहवालात आहे. हेल्मेट असतं तर हे सगळे वाचले असते, असा दावा कोणी करत नाही. पण कॉक्रेन या संस्थेने 2008 मध्ये 61 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं. इतका फायदा देणारं औषध निघालं असतं, तर आपण त्यासाठी रांग लावली असती.

“मान दुखते, ऐकू येत नाही, दिसत नाही”

वेगाचा मुद्दा संपला की ही तीन कारणं येतात.

मानेचं आधी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 40 हजारांवर मोटारसायकल अपघातांची नोंद तपासून 2011 मध्ये निष्कर्ष मांडला: हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा होण्याची शक्यता 22 टक्क्यांनी कमी. रोज मान दुखत असेल तर हेल्मेट जड किंवा मापाचं नाही. भारतीय मानकात 2018 मध्ये कमाल वजन दीड किलोवरून 1.2 किलोवर आणलं होतं. दुकानात जाऊन मापाचं निवडा.

दिसण्या-ऐकण्याचं: 1990 च्या दशकात अमेरिकेत 50 चालकांना प्रत्यक्ष रस्त्यावर हेल्मेटसह आणि हेल्मेटशिवाय तपासलं. हॉर्न दोन्ही वेळा सारखाच ऐकू आला. बाजूचं पाहायला चालक मान किंचित जास्त वळवत होते, एवढाच फरक. कानाला फोन लावून चालवणाऱ्याने तरी हेल्मेटमुळे ऐकू येत नाही असं म्हणू नये.

आणखी काही समज, थोडक्यात

गैरसमज: कारचं लायसन्स आहे, त्यावर स्कूटर चालते.
वस्तुस्थिती: चालत नाही. विनागिअर दुचाकी हा लायसन्सवरचा वेगळा वर्ग आहे. तो नोंदवून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

गैरसमज: इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही.
वस्तुस्थिती: ही सूट फक्त ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या वाहनांना आहे. त्यापुढच्या सगळ्यांना लायसन्स, नोंदणी आणि विमा लागतो.

गैरसमज: पुढचा ब्रेक दाबला की स्कूटर उलटते.
वस्तुस्थिती: ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबा. वळणावर आणि वाळूवर मात्र पुढचा जपून. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांवर एकत्र लागणारा ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा आहे.

गैरसमज: मुसळधार पावसातच घसरायला होतं.
वस्तुस्थिती: जूनची पहिली भुरभुर जास्त घातक. रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून त्याचा चिखल होतो. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा.

गैरसमज: स्कूटर अरुंद आहे, बसच्या डावीकडून सहज निघते.
वस्तुस्थिती: तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. बस थांब्याकडे वळली की जागाच उरत नाही.

समज: लहान चाकांमुळे खड्डे जास्त लागतात.
वस्तुस्थिती: हे खरं आहे. म्हणून खड्ड्याआधी वेग कमी करा आणि टायरमधली हवा तपासत राहा.

गैरसमज: लहान मूल पुढे उभं केलं की सुरक्षित.
वस्तुस्थिती: चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी 40 ची मर्यादा आहे.

शेवटी दंडाबद्दल. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. जवळपास तेवढ्याच पैशांत आयएसआय शिक्क्याचं, मापाचं हेल्मेट येतं. जून 2021 पासून शिक्का नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, त्यामुळे फूटपाथवरच्या टोप्या घेऊ नका. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, कारण पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर जातं.

कार घरी ठेवून स्कूटर घेतलीत, फार चांगलं केलंत. पण डिकीतलं हेल्मेट आजच बाहेर काढा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी ते डोक्यावर असू द्या. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं घ्या. घरी तुमची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी एवढं कराच.