अन्वयाच्या वाटेने: 'ईनिड' शिकवण्याची दोन हजार वर्षे

'ईनिड' हे व्हर्जिलचे लॅटिन महाकाव्य. बारा सर्ग, सुमारे ९,९०० ओळी, त्यांतल्या काही अर्ध्यावरच सुटलेल्या. इ.स.पू. १९ मध्ये कवी वारला तेव्हा अखेरचा हात फिरायचा राहिला होता, आणि ऑगस्टसच्या आज्ञेवरून काव्य तसेच लोकांपुढे आले. कवीच्या हयातीतच रोममध्ये सीसिलिअस एपिरोटा हा शिक्षक त्याच्या कविता वर्गात शिकवू लागला होता, त्यामुळे 'ईनिड'ला शाळेची दारे उघडीच होती.

शिकणाऱ्याला या काव्यातले शब्द कोशात सापडतात. झुंजावे लागते ते क्रमाशी. आरंभीच्या वाक्यात दोन कर्मे पुढे येतात, क्रियापद त्यांच्या मागे, आणि मग सात ओळी चालणारी संबंधी वाक्यांची माळ. ज्याची ही कथा, त्या इनीअसचे नाव थेट ९२व्या ओळीत येते. विशेषण एकीकडे, विशेष्य दोन शब्द सोडून पलीकडे, आणि त्यांना बांधणारी फक्त विभक्ती. शाळेत 'रघुवंशा'च्या श्लोकाचा अन्वय लावलेल्या मराठी वाचकाला ही कसरत चांगली ओळखीची आहे. वृत्तही लघू-गुरूंचेच: ओळीत सहा गण, त्यांतला प्रत्येक एकतर एक गुरू व दोन लघूंचा, नाहीतर दोन गुरूंचा, शेवटचा मात्र दोनच अक्षरांचा.

पहिल्या शतकापासूनच या अभ्यासाच्या खुणा दूरदूर सापडतात. इजिप्तमधल्या हवारा येथील एका पपायरसवर दुसऱ्या सर्गातली एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवली आहे. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडाच्या रोमन लष्करी छावणीत इ.स. १०० च्या सुमाराची एक पातळ लाकडी पाटी मिळाली. कुणाच्या तरी खासगी पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर नवव्या सर्गातली ओळ लिहिताना शेवटाला हात चुकला आहे, आणि पुढे वेगळ्या अक्षरात एक तुटका शब्द आहे. तो 'ढिसाळ' अशा अर्थाचा गुरुजींचा शेरा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. रोमन जगाच्या टोकावरची ती छोटी पाटी पाहिली की काव्य किती खोलवर पोचले होते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्तृत्वशिक्षक क्विंटिलिअनने मुलांचे वाचन होमर आणि व्हर्जिलपासून सुरू करावे असे सांगितले. त्यांची थोरवी कळायला वय प्रौढ लागते, हे त्याला मान्य होते. पण ते पुन्हा वाचले जातीलच, असा त्याचा भरवसा होता. ख्रिस्ती संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' या आत्मकथनात लहानपणी काव्यातल्या कार्थेजच्या राणीच्या, डायडोच्या, मरणावर रडल्याची आठवण पश्चात्तापाने नोंदवली आहे. शाळेतल्या पाठाने मुलाला रडवावे, हे मात्र त्या शिकवण्याचे मोठेच यश मानायला हवे.

इ.स. ४०० च्या सुमारास व्याकरणकार सर्व्हिअसने 'ईनिड'वर ओळीवार टीका लिहिली. ती 'रघुवंशा'वरच्या मल्लिनाथाच्या टीकेची आठवण करून देते: समास, विभक्ती, पाठभेद, पुराणकथा, सगळे आहे. वाक्य गुंतले की सर्व्हिअस 'क्रम असा' या अर्थाचे दोन लॅटिन शब्द टाकतो आणि सरळ रचना मांडतो. हा अन्वयच.

पण त्याचे वाचक लॅटिन बोलणारे होते. पूर्वेकडच्या ग्रीकभाषक मुलांना लॅटिन परकी, आणि तरीही गरजेची. बैरूतच्या प्रसिद्ध कायदेशाळेतला अभ्यास लॅटिन ग्रंथांवरच चाले. चौथ्या ते सहाव्या शतकातल्या पपायरसांवर या मुलांची पाठ्यपुस्तके उरली आहेत. डावीकडच्या अरुंद रकान्यात व्हर्जिलचे दोन-तीन शब्द, उजवीकडे त्यांचा ग्रीक अर्थ, खाली पुढचे दोन-तीन शब्द. काहींत ओळ अन् ओळ, काहींत निवडक शब्दच. यांत मूळचा क्रम शाबूत राहतो आणि अर्थ त्याच्या मागोमाग चालतो. पुढच्या कितीतरी युक्त्यांपेक्षा ही रीत शहाणी वाटते, कारण कवीने एखादा शब्द लांबवला असेल तर तो इथे शिकणाऱ्यालाही लांबूनच भेटतो.

सहाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलमध्ये व्याकरणकार प्रिशिअनने बाराही सर्गांच्या फक्त पहिल्या ओळी घेऊन एक पुस्तक रचले. प्रश्न आणि उत्तर: हा शब्द कोणत्या जातीचा, लिंग कोणते, ते कशावरून, याचे एकवचन का नाही? बारा ओळींत जवळजवळ सारे व्याकरण होऊन जाते. काव्य मात्र बारा उंबरठ्यांवरच थांबते.

१५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशिअसने तिरप्या टायपात हाती मावणारा व्हर्जिल छापला आणि काव्य खिशात आले. जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत व्हर्जिल होता, पण डायडोच्या प्रेमाचा चौथा सर्ग वगळून. म्हणजे ज्या कथेने ऑगस्टीनला रडवले तीच गाळून. १६७५ मध्ये फ्रान्सच्या युवराजासाठी शार्ल द ला र्यूने काढलेल्या आवृत्तीत पद्याखाली तेच सोप्या लॅटिन गद्यात, सरळ क्रमाने दिले होते. ही सोय युरोपभर शाळांनी उचलली. अडचण एवढीच की मुले खालचे गद्य वाचत आणि वरचे पद्य तसेच राही. एकोणिसाव्या शतकात जेम्स हॅमिल्टनच्या पद्धतीने ओळीखाली शब्दशः इंग्रजी आले. पुढच्या काही पुस्तकांत तर मूळ लॅटिन शब्दच इंग्रजी क्रमाने फिरवून छापले गेले, आणि वृत्त पार मोडले.

१९३० मध्ये क्लाइड फारने अमेरिकेत पहिल्या सहा सर्गांची आवृत्ती काढली. त्या पानाचे शब्दार्थ व टिपा त्याच पानावर, आणि नेहमी लागणारे शब्द शेवटच्या घडीच्या पानावर, जे उलगडून पुस्तकाबाहेर ठेवता येते. पाने मागेपुढे करण्यात जाणारा वेळ वाचला, आणि काव्याला मुळीच हात लागला नाही. डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्गने 'रोमा इटर्ना'त पहिले चार सर्ग गद्यात सांगितले, तेही घटनाक्रमाने: ट्रॉयचा पाडाव आधी, मग प्रवास, मग कार्थेज, मग डायडो. शब्दांबरोबर त्याने कथेचाही अन्वय लावला. मधूनमधून मूळ ओळी ठेवल्या, म्हणून विद्यार्थी वृत्तापर्यंत पोचतो.

टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सिअस प्रकल्पात आज कोणत्याही शब्दावर बोट ठेवले की त्याची विभक्ती, वचन आणि अर्थ उलगडतात. हे काम एकेकाळी प्रिशिअनचे प्रश्न करीत. अमेरिकी शाळांतल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट लॅटिन अभ्यासक्रमात २०२५-२६ पासून सीझरच्या जागी धाकटा प्लिनी आला आहे. व्हर्जिल जागच्या जागी आहे.