आरशातलं दूध

तर मुलांनो, इंग्लंडात ऑक्सफर्डला चार्ल्स डॉजसन नावाचे गणिताचे एक मास्तर होते. स्वभाव बुजरा, पण मुलांना गोष्टी सांगण्यात पटाईत. गोष्टींच्या पुस्तकांवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही, लुइस कॅरल हे टोपणनाव घेतलं. १८६५ साली त्यांची ॲलिस सशाच्या बिळात पडली आणि जगभर गाजली. सहा वर्षांनी, १८७१च्या नाताळात, तिची दुसरी गोष्ट आली, ‘थ्रू द लुकिंग ग्लास’. या वेळी ती शेकोटीवरच्या आरशातून पलीकडे जाते. पलीकडचा मुलूख म्हणजे बुद्धिबळाचा पट. ओढ्यांनी आणि कुंपणांनी घरं पाडलेली, राण्या चालताबोलता भांडतात, आणि ॲलिस प्यादं होऊन निघते ती आठव्या घरात पोचून राणी होते.

कॉलेजात असताना हे दुसरं पुस्तक वाचलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं. पहिल्यात कशी धमाल आहे! दुसरं वाचताना मात्र मास्तर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेत आणि गोष्टीचं गणित सोडवताहेत, असं वाटायचं. सगळं उलटं करायचं, एवढीच काय ती युक्ती. राणीपाशी पोचायचं तर तिच्याकडे पाठ करून चाला. केक आधी वाटा, मग कापा. दोन-चारदा हसू येतं, मग कंटाळा. हे मत बाळगूनच मी म्हातारा झालो.

यंदा पावसाळ्यात तेच पुस्तक नातवंडांना वाचून दाखवायला घेतलं आणि गाडी पहिल्याच प्रकरणात अडली. ॲलिस मांजरीच्या पिल्लाला आरशासमोर धरते आणि पलीकडच्या घराचं वर्णन करते. तिथेही खुर्च्या आहेत, पुस्तकं आहेत, फक्त अक्षरं उलटी. आणि बोलता बोलता म्हणते, तिथे तुला दूध मिळेल का ग? पण आरशातलं दूध पिण्याजोगं नसेलही कदाचित.

“मग असतं की नसतं, आजोबा?” थोरल्या नातीने विचारलं. पुस्तकात उत्तर नाही. ॲलिस पुढे निघून जाते, आणि पहिल्या वाचनात मीही तिच्यामागून गेलो होतो. पण या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की अख्खं पुस्तक निराळं दिसायला लागतं. कसं ते सांगतो.

आधी आपल्या चपला घ्या. उजव्या पायाची चप्पल आरशासमोर धरा. आरशात दिसते ती डाव्या पायाची! कशीही फिरवा, उलटी करा, ती उजवी व्हायची नाही. आता वाटी धरा. आरशातली वाटी आपल्या वाटीसारखीच. म्हणजे काही वस्तूंना डावं-उजवं असतं, काहींना नसतं.

निसर्गही हे डावं-उजवं पाळतो. देवघरातला शंख बघा. या जातीचे जवळजवळ सगळे शंख एकाच बाजूला वळतात. उलट वळलेला क्वचित सापडतो, म्हणून दक्षिणावर्ती शंखाला एवढा भाव. गंमत अशी, की शास्त्रज्ञ त्याच शंखाला डावा म्हणतात, कारण ते शंख उलटा, टोक वर करून धरतात. आणखी एक गंमत. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीचे शंख मुळातच त्या बाजूला वळलेले असतात. काही व्यापारी तेच आणून दक्षिणावर्ती म्हणून खपवतात. तेव्हा घेताना वळण बघून भुलू नका, जात बघा.

पण वळण शंखावर संपत नाही. ते थेट रेणूपर्यंत जातं, आणि हे पहिल्यांदा कळलं ते लुई पाश्चर या पंचवीस वर्षांच्या पोराला, १८४८ साली, पॅरिसमध्ये. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी खडे साचतात. त्यांतून टार्टारिक आम्ल काढतात. आपल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यतः ह्याच आम्लाचा. एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश या आम्लाच्या पाण्यातून पाठवला, की ती पातळी उजवीकडे वळते. पण कारखान्यात कधीकधी याचाच एक जुळा भाऊ मिळायचा. घटक तेच, प्रमाण तेच, पण प्रकाश जराही वळायचा नाही. हे कसं?

पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक केले आणि भिंगाखाली धरले. प्रत्येक स्फटिकाला एक इवलासा तिरका पैलू होता. काहींचा उजवीकडे, काहींचा डावीकडे. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाच्या पाण्याने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या पाण्याने तितकाच डावीकडे. दोन्ही समसमान मिसळले की हिशेब शून्य! नशीबही बलवत्तर, कारण हे स्फटिक असे वेगवेगळे होतात ते हवा थंड असली तरच. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग फसलाच असता.

प्रकाश असा वळतो हे आधी दाखवलं होतं बिओ नावाच्या शास्त्रज्ञाने. तो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. त्याने आपल्याकडचं आम्ल दिलं, पाश्चरला डोळ्यांदेखत सगळं पुन्हा करायला लावलं, डाव्या ढिगाचं पाणी स्वतः तयार केलं, आणि उपकरणाला डोळा लावताच त्याला गहिवरून आलं. पुढे दहाएक वर्षांनी पाश्चरला आणखी एक गोष्ट दिसली. या मिश्रणावर बुरशी आली, तर ती उजवं आम्ल खाते आणि डावं ताटात ठेवते. बुरशीलासुद्धा डावं-उजवं कळतं!

कारण सापडलं १८७४ साली. हॉलंडचा व्हांट हॉफ आणि फ्रान्सचा ल बेल, दोघे तरुण, दोघांनी वेगवेगळं सांगितलं, की कार्बनच्या अणूचे चार हात एका पातळीत नसतात, चार दिशांना पसरलेले असतात. चारही हातांत चार निरनिराळी माणसं धरली, की त्यांची मांडणी दोनच प्रकारे होते, आणि त्या दोन मांडण्या एकमेकींची आरशातली रूपं असतात. म्हणजे रेणूंनाही पाय असतो, डावा किंवा उजवा.

खोटं वाटतं? स्वयंपाकघरात चला. पुदिन्याचं पान चुरगळा आणि वास घ्या. आता आजीच्या डब्यातल्या बाळंतशोपा, म्हणजे शेपूचं बी, दाताखाली धरा. दोन वासांचं काही नातं आहे असं वाटतं का? दोन्हींत कार्व्होन नावाचा पदार्थ आहे. दोन्हीकडे दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. जोडणीचा क्रमही तोच. फरक इतकाच, की पुदिन्यातला कार्व्होन एका पायाचा, बाळंतशोपांतला दुसऱ्या पायाचा. आपल्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिनं आहेत त्यांनाही पाय असतो, म्हणून एका रेणूला ती चटणी म्हणतात आणि दुसऱ्याला बाळंतिणीची सुपारी.

सर्दीची गोळी आठवा. सेट्रिझिन १० मिलिग्रॅमची असते, लिव्होसेट्रिझिन ५ची. पहिलीत दोन्ही पायांचे रेणू निम्मे निम्मे, दुसरीत फक्त कामाचा पाय. म्हणून अर्ध्यात भागतं.

आता ॲलिसच्या दुधाकडे येऊ. दुधात पाणी असतं, कॅल्शियम असतं. यांना डावं-उजवं नाही, तेव्हा आरशातल्या दुधाने तहान भागेल. स्निग्धांशही बराचसा आपल्यासारखाच. पण दुधातली प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, आणि गवतापासून गाईपर्यंत सगळी जीवसृष्टी प्रथिनं बांधायला डावी अमिनो आम्लं वापरते. साखर मात्र उजव्या पायाची. आरशात हे सगळं उलटणार. आपल्या पोटातली विकरं, म्हणजे अन्न तोडणारी एन्झाइम्स, उजव्या चपलेत डावा पाय घालून बघतील आणि सोडून देतील. गोडी कदाचित तीच लागेल, कारण उलट्या पायाचं ग्लुकोज करून चाखलेलं आहे आणि ते गोडच लागतं. पण ते अंगी लागत नाही. थोडक्यात, दूध प्यायल्यासारखं वाटेल आणि पोट उपाशी राहील.

हा नुसता तर्क नाही. १९९२ साली अमेरिकेत स्टीफन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही विषाणूचं एक विकर उलट्या अमिनो आम्लांपासून बांधलं. हे विकर प्रथिनं कापतं. आरशातल्या विकराने आरशातलं प्रथिन बिनचूक कापलं आणि आपल्याकडच्या साध्या प्रथिनाला हात लावला नाही. ॲलिसने प्रश्न विचारून तोवर एकशे एकवीस वर्षं झाली होती.

हे मुलांना सांगून झालं आणि आम्ही पुढे वाचायला लागलो, तेव्हा मला ठिकठिकाणी थांबावं लागलं. ट्वीडलडम आणि ट्वीडलडी हे दोन गुबगुबीत जुळे भाऊ एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत. ॲलिसशी हस्तांदोलन करायला दोघे आपापला मोकळा हात पुढे करतात. म्हणजे एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा! एक भाऊ दुसऱ्याचं प्रतिबिंब. आधी कोणाचा हात धरावा हे ठरेना, म्हणून ॲलिस दोन्ही हात एकदम धरते आणि तिघं गोल नाचायला लागतात. पूर्वी हा प्रसंग मला पोरखेळ वाटला होता. धावून धावून तहानलेल्या ॲलिसला लाल राणी कोरडं बिस्किट देते, तेही तसंच वाटलं होतं. आरशापलीकडचं खाणं तिच्या घशाखाली नीट उतरत नाही, हे आता ध्यानात आलं.

मला तेव्हा वाटायचं, अद्भुत गोष्ट म्हणजे वाटेल ते घडायची मोकळीक, आणि या मास्तरांना ती मोकळीक घेता आली नाही. आज वाटतं, त्यांनी ती मुद्दाम घेतली नाही. एकच गोष्ट उलटी मानली आणि शेवटपर्यंत तिच्याशी इमान राखलं. पाश्चर आणि व्हांट हॉफ याहून वेगळं काय करत होते? ‘असं असेल तर मग काय काय होईल?’ हे चिकाटीने विचारत राहायचं. सगळंच पुस्तक आता आवडतं असं नाही हं. घोड्यावरून सारख्या पडणाऱ्या पांढऱ्या सरदाराचं प्रकरण मला अजूनही लांबलेलं वाटतं. पण ज्या काटेकोरपणासाठी मी या पुस्तकाला नावं ठेवली, त्याच्यासाठीच आता ते जवळ ठेवतो.

त्या लाल राणीचं आणखी एक. ती ॲलिसला जीव तोडून पळवते आणि दोघी असतात तिथेच राहतात. त्या मुलखात जागेवर राहायचं तरी सगळा जोर लावून धावावं लागतं. १९७३ साली शिकागोच्या ली व्हॅन व्हेलन यांनी उत्क्रांतीतल्या एका नियमाला या राणीचं नाव दिलं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. कावळा फसू नये म्हणून सावध होतो, तसं कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखं दिसायला लागतं. दोघे पिढ्यान्‌पिढ्या धावतात आणि पुढे कोणीच जात नाही. रोगजंतू आणि आपलं शरीर यांचीही अशीच शर्यत चालू असते.

“पण जंतूच आरशातला असला तर?” धाकट्याने विचारलं.

पोराने नेमकं धरलं बघा. असा जिवाणू निसर्गात कुठे आढळलेला नाही. पण प्रयोगशाळेत त्याचा एकेक भाग बांधता येऊ लागला आहे. तो सबंध तयार झाला आणि निसटला, तर आपली रोगप्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखणार नाही, कारण ती आपल्या बाजूच्या रेणूंवर शिकलेली आहे. जिवाणूंना मारणारे विषाणूही त्याला धरू शकणार नाहीत. शर्यतीत तो एकटाच धावेल. डिसेंबर २०२४ मध्ये अडतीस शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की असा जीव मुळात बनवूच नये. त्यांच्यातले काही जण पूर्वी स्वतःच तो बनवायच्या खटपटीत होते. पुढचा विचार केल्यावर त्यांनी आपलं मत बदललं आणि तसं जाहीरपणे सांगितलं.

आता काम तुमचं. वही घ्या आणि स्वयंपाकघरातल्या एकेका जिन्नसापुढे लिहा, आरशात तो बदलेल की तसाच राहील. मीठ सोपं आहे, ते बदलणार नाही. साखर बदलेल. चिंचेचं तर सांगूनच टाकलं. दह्यापाशी मात्र जपून हं. दह्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, आणि विरजणातले काही जिवाणू ते एका पायाचं करतात, काही दुसऱ्या. तेव्हा दह्यापुढे काय लिहायचं ते नीट विचार करून लिहा, आणि मग मला दाखवा.