बिरवाडीची रात्र, गडचिरोलीचे मणी

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा रायगड जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं आणि विंचू चावून माणूस दगावतो याचं कोकणात कुणाला नवल वाटत नव्हतं. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, जांभ्याच्या फटीत तांबडा विंचू दबा धरून असतो. डंख बसलेलं पोर घामानं निथळत यायचं. हातपाय गार पडलेले, उलट्या थांबत नाहीत. काही तासांत धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि खेळ खलास. शहरातल्या मेडिकल कॉलेजात अशी केस दिसणार कधी आणि शिकवणार कोण?

बावस्करांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, सगळं वेळ घालून कागदावर उतरवत गेले. त्या कागदांतून एक क्रम दिसू लागला. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे मारेकरी विंचू असला तरी मरण हृदयाच्या वाटेनं येत होतं. १९८२ साली ही लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी त्याच नियतकालिकात उपाय मांडला: प्राझोसिन, रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. जिथे शंभरातले तीसएक रुग्ण जात, तिथे हे प्रमाण तीन-चारच्या खाली आलं. पुढे विंचवावरची प्रतिलस मिळू लागली, तेव्हा या दांपत्यानं आपल्याच गोळीला परीक्षेला बसवलं. नुसतं प्राझोसिन, की प्राझोसिन अधिक प्रतिलस? महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी झाली, प्रतिलसही दिलेले रुग्ण लवकर सावरले आणि २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

ही गोष्ट आपण फार आवडीनं सांगतो. २०२२ च्या पद्मश्रीनंतर तर जास्तच. पण सांगताना आपण तिचं शौर्यगीत करून टाकतो, आणि मला तिथेच खटकतं. बिरवाडीच्या त्या डॉक्टरला ना ग्रंथालय होतं, ना संख्याशास्त्रज्ञ, ना मसुदा वाचून ‘हे वाक्य काढा’ म्हणणारं कुणी वडीलधारं. एकांडा शिलेदार जिंकला याचं कौतुक जरूर करावं. पण त्याला एकटं का लढावं लागलं, हे विचारायचं आपण विसरतो. असे किती जण पहिल्याच चकमकीत गारद झाले असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

आणि मोठ्या संस्थांत तरी काय उजेड आहे? डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतला देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला. त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५. कॉलेजांचीच ही तऱ्हा, तर तालुक्याच्या डॉक्टरनं कुणाकडे बघावं?

गडचिरोलीचं उत्तर वेगळं आहे. ते एकट्याचं नाही, म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर साठ, त्याहून मोठं असेल तर पन्नास, ही त्यांनी धरलेली धोक्याची रेघ. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? मग मणी आले. लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. तान्ह्याच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. हे उपकरण मला कुठल्याही महागड्या यंत्राहून हुशार वाटतं, कारण ते वापरणारीच्या बोटांचा विचार करून बनलं आहे.

त्याच वाटेवर घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग उभा राहिला. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बाया, तुलनेला ४७ गावं. जिथे हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, तिथे तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. संशोधकांची नावं वर असतात. पण प्रत्येक बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणारे हात गावातल्या बायांचे होते. त्यांनी चुकीचं मोजलं असतं तर सगळा इमला कोसळला असता. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या हेच काम करतात: दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी, घरीच झालं तर सात. मोबदला २५० रुपये. (यावर काय बोलायचं ते वाचकांनीच बोलावं.)

मोजण्याची दुसरी बाजू कडू आहे. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल आला आणि सरकारी कागदावरच्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातले कितीतरी जास्त आहेत हे उघड झालं. मृत्यू लपले कसे? खरा आकडा लिहिणाऱ्याची चौकशी होते आणि कमी आकडा लिहिणाऱ्याची बैठकीत वाहवा होते, हे आरोग्य खात्यातला नवखा कर्मचारीसुद्धा महिनाभरात शिकतो. अशा ठिकाणी संशोधनाचं प्रशिक्षण भरवणं म्हणजे पायाखालची जमीन भुसभुशीत असताना माळा चढवणं. आधी खरं लिहिण्याला अभय हवं.

संशोधनाच्या सोयी अगदीच नाहीत असं नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आलं, आणि आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेनं तिथे सर्पदंशासारख्या त्या भागाच्या दुखण्यावर काम केलं. वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. कुणी मनावर घेतलं तर तिथला प्रश्न आणि यांचा प्रबंध यांची गाठ पडू शकते. एरवी प्रबंध म्हणजे बांधणी करून कपाटात ठेवायची वस्तू. मला सर्वांत पटतो तो ‘सॉर्ट इट’ हा अभ्यासक्रम. २००९ पासून अनेक देशांत चालतो. क्षयरोगासारख्या कार्यक्रमांत काम करणारी माणसं आपल्याच रजिस्टरमधल्या, आधीच जमलेल्या आकड्यांवर प्रश्न घेऊन येतात, सोबत मार्गदर्शक बसतो आणि ठरल्या तारखेला निबंध नियतकालिकाकडे गेलाच पाहिजे. तारीख चुकली की बाहेर. असा धाक आणि अशी सोबत, दोन्ही एकाच वेळी मिळणं आपल्याकडे दुर्मीळ आहे.

मागे एका उपकेंद्रात महिनाअखेरीला दुपारभर बसलो होतो. सिस्टर मासिक अहवाल भरत होत्या. गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाचं, औषधसाठ्याचं. मग तेच आकडे मोबाईलवरच्या ॲपमध्ये, नेटवर्क आलं की. मधेच एक आजी खोकल्याचं औषध घेऊन गेल्या. रजिस्टरांच्या ढिगाखाली एक शाळकरी दोनशेपानी वही होती. ती चाळायला घेतली तर मागच्या पानांवर पेन्सिलनं आखलेले रकाने. एका पाड्यावरच्या गरोदर बायांचं हिमोग्लोबिन, महिनावार, दोन पावसाळे उलटून गेलेले.

“हे काय?”

“काही नाही हो. लोहाच्या गोळ्या नेतात, खातातही, तरी लावणीच्या दिवसांत रक्त उतरतंच. बाकीच्या पाड्यांवर तसं नाही होत. म्हणून लिहून ठेवते.”

“वर कुणाला दाखवलंत?”

त्यांनी वही परत ढिगाखाली सारली. “दाखवणार कसं? रिपोर्टात तो कॉलमच नाही.”