लाईन गेल्यावरचा व्यवहार

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमासारख्या गावांना लोडशेडिंग नवं नाही. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. तुटवडा मात्र पुढची काही वर्षं कायम राहिला आणि ग्रामीण महाराष्ट्रानं दिवसाचे कित्येक तास विजेविना काढले. तरी किराणा दुकान चालूच असे. मेणबत्ती लागे, गल्ल्यातून सुटे निघत, नाहीतर उधारी वहीत चढे.

पैसा विजेला बांधला गेला तो आधी एटीएममुळे. नोट विजेवर चालत नाही, पण ती देणारं यंत्र चालतं. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. १ डिसेंबरला मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानांत कार्ड स्वाइपची यंत्रं आली; पण पुढं तिथला व्यवहार बराचसा रोखीवरच परतला.

यंत्राला जमलं नाही ते छापील क्यूआर कोडनं केलं. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय काही वर्षांत पानटपरीपर्यंत पोचलं, कारण दुकानदाराला ना यंत्र घ्यावं लागलं, ना वीज. लाईन गेल्यावर सुरुवातीला काहीच अडत नाही: फोन चार्ज असतो, टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली आणि जनरेटरही नसला, की पेमेंट अडकतं. हिवरा आश्रमातल्या विवेकानंद आश्रमाच्या जयंती महोत्सवासारख्या लाखोंच्या गर्दीत तर वीज असूनही नेटवर्क रेंगाळू शकतं.

उपाय निघाले. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, सप्टेंबर २०२३ मध्ये नेटशिवाय चालणारं यूपीआय लाइट एक्स. पण पहिल्याला कॉल लागावा लागतो आणि दुसऱ्याला दोन्ही फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरलेले फोन थेट जोडणारी सोय, लागते.

१२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय कोलमडलं, तेही वीज असताना. त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्पेन-पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा अनेक ठिकाणी कार्डं चालेनात आणि खिशात रोकड असलेल्यांनाच खरेदी जमली.

म्हणून फोन जरूर वापरा, पण दोन-तीन दिवसांच्या किराणा-औषधापुरती रोकड घरात असू द्या. तीही दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. लाईन नसताना पाचशेचे सुटे कोण देणार?